कोल्ह्याएवढा घोडा

— नाही, नाही, त्या वेताच्या खुर्चीवर नका बसू ताई, ती बसायची नाहीये, तिच्यावर बॅटरीचा डबा ठेवलाय, वीज गेली तर दहा मिनिटं कॉम्प्युटर चालू ठेवतो तो. तुम्ही हे प्लास्टिकचं स्टूल घ्या. अडचण होतेय, मला कळतंय, पण जरा तिरकं होऊन बसलं की बसता येतं, मी रोज तसाच बसतो. दुकानातून म्हणाले होते माणूस पाठवतो आणि आलात तुम्ही — नाही, तक्रार नाही, उलट बरंच झालं, मागचा आला होता तो आधी चहा प्यायला आणि मग म्हणाला मशीनच नवीन घ्या. तर काय सांगत होतो — हां, वीस मिनिटं. चालू केलं की वीस मिनिटं सुतासारखं सरळ चालतं, मग आतला पंखा घरघरायला लागतो, आणि मग फट्. पडदा काळा. आणि आत माझे एकशे चौदा प्राणी. जिवंत नाहीत हो, खेळातले. पण त्यांना खायला कोण घालणार? तसं बघितलं तर मशीन बंद असलं की त्यांना भूक लागत नाही, मलाही माहितीये ते. पण जीव टांगणीला लागतो तो लागतोच.

खेळ म्हणजे काय, तर प्राणिसंग्रहालय बांधायचं. जागा देतात मोकळी, त्यावर तुम्ही कुंपण घाला, तळं खणा, झाडं लावा, रस्ते काढा, आणि प्राणी आणा — आत्ताचे आणा, वाघ, जिराफ, पेंग्विन, नाहीतर फार फार पूर्वी मेलेले आणा, डायनोसॉर, केसाळ मॅमथ, सुऱ्यासारख्या दातांचा तो वाघ. सगळे मिळतात. जावयाने दिला निवृत्तीच्या दिवशी. म्हणाला, बाबा, तुमचा वेळ जाईल. वेळ जाईल म्हणजे तुम्ही आमच्या वाटेला जाणार नाही, असं त्याच्या मनात असणार. हुशार आहे जावई. मी आधी म्हटलं, हे पोरखेळ आपल्याला नकोत. पण मग बघितलं तर काय — हे तर माझंच काम. मी चौतीस वर्षं बांधकाम परवाना खात्यात होतो, नकाशे तपासायचो. हवा, उजेड, सुटी जागा, जिन्याची रुंदी. माझ्या लाल पेन्सिलीला लोक टरकून असायचे. आणि इथे या खेळात तेच सगळं, फक्त राहणाऱ्यांना शेपट्या.

उघडलंत? केवढी धूळ. कापूस निघतोय अगदी. बसतो ना मी इथेच, दिवसभर, तेव्हा धूळ माझीच म्हणायची. — हं? हो, नावं दिलीत मी सगळ्यांना. तो मोठा डायनोसॉर आहे ना, त्याचं नाव ‘मोठे साहेब’. आमचे साहेब अगदी तसेच होते, तोंड हे एवढं, आणि हात इवलेसे, सही करायला म्हणून पुढे यायचे नाहीत. लाल बगळे आहेत चाळीस, तळ्यात, एका पायावर — तो आमचा आवकजावक विभाग. सगळे उभे, सगळे सुंदर दिसतात, काम कुणाचंच होत नाही. जिराफ म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बाई, त्यांची मान सगळ्यांच्या खिडकीत. हसा हसा. हे मी कुणाला सांगितलं नाहीये अजून. सांगायला आहे कोण घरात.

आणि खेळात माणसंही असतात, बरं का. बघे. तिकीट काढून येतात. मी त्यांच्यासाठी काय काय केलं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं जनावर आणून उभं केलं, चार हात अंतरावर, मधे नुसती काच — आणि त्यांच्या डोक्यावर तो ढग येतो ना, मनात काय चाललंय ते सांगणारा, त्यात काय लिहिलेलं असतं? कचराकुंडी लांब आहे. दुसऱ्याच्या ढगात काय? बसायला बाक नाही. अहो, समोर बघा ना. डायनोसॉर जांभई देतोय आणि तुम्हाला बाक पाहिजे? माणूस कुठेही नेऊन उभा करा, तो तक्रार अर्जच लिहिणार. मी चौतीस वर्षं वाचलेत ते.

प्राणी तक्रार करत नाहीत असं नाही. करतात, पण त्यांची कागदोपत्री असते. प्रत्येक प्राण्याचं एक कार्ड असतं. त्यावर पट्टे. अन्न, पाणी, जागा, सोबत, आडोसा. पट्टा हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कुरकुर, लाल झाला की जनावर खाणं सोडतं आणि एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. आणि काय लाड त्यांचे. मॅमथची जोडी ठेवायची तर खेळ म्हणतो एवढी एवढी जागा द्या — आमच्या इमारतीच्या आवाराच्या तिप्पट. दोन जनावरांना. मला पहिल्यांदा हसूच आलं. मी तीनशे ऐंशी चौरस फुटांत पाच माणसं बसवलीत ताई, माझ्या सहीने, शेकड्यांनी, आणि त्यांच्यातला एकही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला नाही. राहिला असेल. आम्हाला कार्ड कुठे होतं बघायला.

तो मॅमथचा किस्सा तर ऐकाच. तुमचं चालू दे, तुम्ही हाताने काम करा, मी तोंडाने करतो. मॅमथ आणला, एकच, नर. दोन दिवसांत लाल. म्हटलं एकटा आहे बिचारा, सोबत पाहिजे. मादी आणली. तरी लाल. म्हटलं अजून एक आणू. तिसरा आणला, चौथा आणला, चारी बाजूंनी काचा लावल्या म्हणजे बघे पण दिसतील, करमणूक होईल त्याची. गडद लाल. खेळात जनावरांचा डॉक्टर असतो, त्याचा अहवाल आला, दोन शब्दांचा — ‘गर्दी. आडोसा.’ मी तो अहवाल सात आठवडे वाचलाच नाही. का वाचू? मी इतकी वर्षं अहवाल लिहिलेत, मला माहितीये त्यात काय असतं ते. सात आठवड्यांनी कंटाळून वाचला, दोन मॅमथ परत पाठवले, तीन बाजूंच्या काचा काढून झाडं लावली दाट. दुसऱ्या दिवशी हिरवा. म्हणजे त्याचं पोट भरलेलं होतं, पाणी होतं, सोबत होती, सगळं होतं, फक्त कुणाला दिसणार नाही अशी जागा नव्हती. आडोसा. आता सांगा, एवढं चार टनांचं धूड, त्याला लाजायला काय झालं?

काय म्हणालात? हवा? हवा कशी नाही, काच सरकते ती. पूर्ण नाही सरकत, अर्धी. म्हणजे एक वीत. मधे टेबलाचा कोपरा येतो. दुपारचं ऊन येतं, हो, सरळ मशीनवर. ही खोली नाहीच मुळी ताई, तुमच्या लक्षात आलं असेलच, ही गॅलरी आहे. होती. साडेतीन बाय नऊ. मी काचा लावून बंद करून घेतली निवृत्त झाल्यावर. तुम्हाला गंमत सांगू का — गॅलरी बंद करणं नियमात बसत नाही. इमारतीची हवा अडते. मी स्वतः नोटिसा काढल्यात, निदान दोनशे तरी, सात दिवसांच्या आत काढून टाका नाहीतर आम्ही येऊन काढू. एक म्हातारे गृहस्थ माझ्या टेबलासमोर बसून रडले होते, साहेब, नातीला अभ्यासाला जागा नाही हो. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आणि माझी? माझी तात्पुरती आहे. सगळ्यांचीच तात्पुरती असते, मान्य. पण टेबल कुठेतरी टाकायलाच पाहिजे होतं ना. हॉलमध्ये? हॉलमध्ये टाकता आलं असतं. पण हॉलमध्ये येणाजाणाऱ्यांची वर्दळ. म्हणजे — येत जात कोणी नाही आमच्याकडे. पण तरी.

ही? ही नाहीये घरात. बहिणीकडे गेलीये, मोठ्या. आठ दिवस जाऊन येते म्हणाली. — हा बारावा आठवडा. नाही, भांडण नाही, काहीच नाही. आमच्यात भांडण होत नाही. अडतीस वर्षांत नाही झालं, विचारा कुणालाही. भांडायला दोघं घरात लागतात, मी सकाळी आठला जायचो तो संध्याकाळी सातला यायचो. तिने दिवसभर काय केलं असेल मला माहीत नाही, मुलगी शाळेत, मी ऑफिसात, ही एकटी. मला फार वाईट वाटायचं त्याचं, खरंच वाटायचं. म्हणून ठरवलं होतं, निवृत्त झालो की हिला सोबत करायची. भरपूर. आणि केली. ओटा मधल्या भिंतीआड होता, मी ती भिंतच पाडली. भार न घेणारी भिंत होती, तपासून घेतलं होतं. आता हॉलमध्ये बसलं की थेट ओटा दिसतो. मी तिथे बसायचो आणि गप्पा मारायचो. म्हणजे गॅस बारीक कर, ते भांडं नको, हे घे, अगं झाकण ठेव. मदत म्हणून. डबे एकसारखे आणले, चिठ्ठ्या लावल्या, वापराच्या क्रमाने मांडून दिले. पहिल्याच दिवशी तिला मीठ सापडेना. अडतीस वर्षं त्या ओट्याशी उभी राहिलेली बाई, आणि मीठ सापडेना. मला हसू आलं. ती नाही हसली, पण ती तशी कमीच हसते.

दुपारी जेवण झालं की ती इथे यायची. गॅलरीत. ही वेताची बुटकी खुर्ची तिचीच. दोन ते चार, खुर्ची बाहेरच्या बाजूला वळवून बसायची. काय करायची? काही नाही. मीही तेच विचारायचो, काय करतेस गं? काही नाही, म्हणायची. पुस्तक नाही, विणकाम नाही, समोर बघण्यासारखं काय आहे तर ती शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. मला वाटायचं कंटाळली असेल. मग मी पण दुसरी खुर्ची आणायचो, शेजारी टाकायचो, मॅमथचं सांगायचो तिला. ती थोडा वेळ ऐकायची आणि उठून आत जायची, भांडी राहिलीत म्हणायची. भांडी घासलेली असायची. मग मी विचार केला, ही जागा तशी वायाच जातेय.

तर काचा लागल्या, टेबल आलं. तिने विचारलं फक्त, मी कुठे बसू? मी म्हटलं, अगं अख्खं घर आहे. — आता तीन दिवसांपूर्वी मुलीचा फोन आला. बाबा, आई विचारतेय गॅलरीचं काय झालं. मी म्हटलं, तिला सांग, काळजी करू नको, मी दुसरी खुर्ची टाकतो टेबलाशी, दोघं मिळून बसू, तिला शिकवतो खेळ. मुलगी म्हणाली, बाबा, ठेवते फोन. आणि काल पुन्हा केला. मावशी मोठं घर घेतेय म्हणाली, आईसाठी वेगळी खोली आहे त्यात. आई रविवारी येतेय, गरम कपडे आणि तिचे कागद न्यायला. आता गरम कपडे म्हणजे काय, थंडीला अजून चार महिने आहेत. एवढं आधी कोण नेतं गरम कपडे? म्हणून म्हटलं तुमच्या दुकानाला, रविवारच्या आत मशीन चालू पाहिजे. येतेच आहे तर बघेल तरी. मॅमथ बघेल. हिरवा झालाय म्हणून सांगेन तिला. तिला आवडतात जनावरं — म्हणजे आवडत असावीत. एकदाच बोलली होती त्याबद्दल.

एक छोटा घोडा आहे खेळात. पाच कोटी वर्षांपूर्वीचा, सगळ्या घोड्यांचा मूळपुरुष म्हणे. पण उंची किती, तर कोल्ह्याएवढी. खूर नाहीत, बोटं आहेत पायाला. झुडपांत राहतो, खुट्ट झालं की पळतो. मी आणला होता एक, डायनोसॉरच्या बाजूला ठेवला, छान चौकोनी हिरवळ, चारी बाजूंनी काच. त्याच्यासमोर कोणी थांबेना. डायनोसॉर सोडून याला कोण बघणार? ही चहा घेऊन आली होती, मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, त्याला एखादं झुडूप तरी द्या, येणाजाणाऱ्या सगळ्यांना दिसतो तो. मी म्हटलं, बघायलाच तर ठेवलंय. — एवढंच बोलणं झालं. नंतर मी तो घोडा काढून टाकला. जागा अडवून बसला होता.

लागलं? अरे वा. पंखा गप्प आहे की अगदी. नाही, कळलं मला, पुन्हा धूळ बसणार, आणि इथून हलवलं नाही तर उन्हाने पुन्हा तापणार, हवा पाहिजे — किती वेळा सांगाल, माझीच वाक्यं मला ऐकवताय. बघू ते नंतर. आधी खेळ उघडा, वीस मिनिटं टिकतंय का बघून मगच जा तुम्ही. तो मॅमथचं चित्र असलेला चौकोन. हां. आता ‘जुने खेळ’ वर जा. पहिलाच माझा — ‘मध्यवर्ती प्राणिसंग्रहालय, टप्पा तीन’.

दुसरा कुठला? माझा एकच आहे. नाही हो, मी दुसरं काही केलेलं नाही, आपोआप तयार झालं असेल, मशीन बिघडलं की होतं तसं. काय लिहिलंय — ‘नवीन उद्यान २’. नावसुद्धा दिलेलं नाही. एकूण वेळ — एकसष्ट तास? एकसष्ट तास कोण खेळलं? मागचा दुरुस्तीवाला तर अर्धा तासच होता. शेवटचा वापर — थांबा, चष्मा घेतो. मंगळवार, दुपारी दोन पन्नास. दोन पन्नासला मी झोपलेला असतो. जेवण झालं की दोन ते चार मी आडवा होतो, इथल्या दुपारच्या गप्पा बंद झाल्या तेव्हापासून. तारीख काय? — हं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ही बहिणीकडे गेली.

उघडा. उघडा तुम्ही, मला बघायचंय.

हे काय? रिकामं आहे सगळं. रस्तेच नाहीत. कचराकुंडी नाही, बाक नाहीत, पाट्या नाहीत, एवढी मोठी जागा आणि नुसतं रान वाढवून ठेवलंय. याला परवानगी कोण देईल? मुख्य फाटक बंद. बघे किती — शून्य. दर्जा — शून्य तारे. एकसष्ट तासांत शून्य तारे, आमच्या साहेबांनासुद्धा जमलं नसतं. जरा जवळ न्या. अजून. ते कुंपण आहे का? लाकडी. काच नाही कुठेच. झुडपं बघा, किती दाट, एकेक हाताने लावलंय हो, खेळ आपोआप असं लावत नाही, मला माहितीये, आपोआप लावलं की रांगेत येतं. ओहोळ काढलाय बारीकसा. आणि ते काय, तिथे, ओहोळाकाठी — बाक. एकुलता एक बाक, आणि तो कुंपणाच्या आत? बाक आत ठेवून काय उपयोग, तिथे बघे जाऊ शकत नाहीत. शिवाय फाटकाकडे पाठ केलेली.

बाहेरच्या बाजूला वळवलेला आहे, नाही का.

प्राणी कुठे आहे पण? प्राण्याशिवाय — ते. ते हललं. तिथे, पानांत. कान दिसताहेत. तोच तो. कोल्ह्याएवढा. टिचकी मारा त्यावर, कार्ड उघडेल. अन्न हिरवं. पाणी हिरवं. जागा, आडोसा, हिरवं. सोबत — सोबतसुद्धा हिरवी? एकच तर प्राणी आहे. एकट्याला सोबत कशी काय — हां, खाली बारीक अक्षरात दिलंय, वाचा जरा तुम्ही, माझा चष्मा पुसायला झालाय. काय? ‘हा प्राणी एकटा राहू शकतो.’ असं आहे होय. ही ओळ मी कधी वाचलीच नाही. मी याला आणला तेव्हा कार्ड उघडून बघितलंच नव्हतं.

आणि नाव? नाव दिलंय का त्याला? वर असतं, डाव्या कोपऱ्यात.

— हो. वाचलं मी. नाही, ते कुणाचं ऑफिसातलं वगैरे नाही. ते नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही ताई, तुम्ही वाचलंत तेवढं पुरे. तिच्या वडलांनी ठेवलेलं होतं, लाडाचं. लग्नाच्या दिवशी त्यांनी तिला त्या नावाने हाक मारली होती, निघताना, तेव्हा मी ऐकलं होतं एकदा. मी कधी हाक मारली नाही त्या नावाने. मी ‘अगं’ म्हणतो. ‘अगं’ने काम भागतं.

द्या जरा इकडे तो माऊस. नाही, काही बिघडवत नाही, एक बारीकशी सुधारणा. एवढं छान केलंय आणि कुणाला दिसतच नाही, असं कसं चालेल, एक छोटा रस्ता द्यायचा, नुसता पायरस्ता, इथून असा, आणि फाटक उघडायचं — झालं. बघा, आले लगेच. बघा कसे धावत येताहेत. दोन मिनिटांत तारे वाढतील बघा आता.

कुठे गेली? आत्ता तर इथे होती, बाकाजवळ. झुडपात गेली. पण कार्ड हिरवंच आहे — हो, हिरवंच असणार, आडोसा आहे ना तिला, तिने स्वतःच लावून घेतलाय. आणि हे बघे? उभे आहेत कुंपणाशी. माना लांब करून. एकाच्या डोक्यावर ढग आला. दुसऱ्याच्या. सगळ्यांच्याच. वाचा काय लिहिलंय ते.

‘प्राणी दिसत नाही.’

हं. बारा आठवडे माझ्या डोक्यावरही तेच लिहिलेलं असणार. तुम्ही आल्यापासून वाचत असाल तुम्ही, दिसत असेल तुम्हाला. मी घरभर हिंडतोय आणि वर ढग, प्राणी दिसत नाही. आणि तक्रार कुणाकडे, तर मुलीकडे, जावयाकडे, मशीन दुरुस्त करायला आलेल्या बाईकडे. चूक माझी आहे हो. मला वाटायचं तिला कोणी नाही म्हणून ती तिथे बसते. मी काच लावली ताई. ती बसायची त्या जागेला मी काच लावली आणि आत स्वतः बसलो.

बंद करा खेळ. नाही, मीच करतो. हे काय विचारतंय — बदल जतन करायचे का? नाही. ‘नाही’ म्हणायचंय. कुठे दाबू? तुम्हीच दाबा, माझा हात आपोआप ‘हो’वर जातो, चौतीस वर्षं शिक्का मारायची सवय. दाबलंत? नक्की? रस्ता गेला ना तो? फाटक बंद झालं ना, होतं तसं? बरं. ती रविवारी आली आणि तिने उघडून बघितलं तर मी आत येऊन गेलेलो तिला कळता कामा नये.

नाही, माझा मॅमथ नका आता दाखवू. आहे तो बरा. तुम्ही असं करा, एक हात लावा फक्त, हे मशीन हॉलमध्ये ठेवू, भिंतीशी. टेबल पण. वर्दळ वगैरे काही नाही हो हॉलमध्ये, मी मघाशी उगाच म्हणालो. हवा आहे तिथे. सावकाश, चौकट लागेल. असं. आणि तुमच्या ओळखीत कोणी काचा काढणारा आहे का? लावणारे ढीगभर आहेत, काढणारा पाहिजे. शनिवारी संध्याकाळपर्यंत. सात दिवसांची मुदत द्यायचो मी, इथे चारच आहेत.

फोन? नाही, फोन नाही करणार तिला. तुम्ही बघितलंत ना मला, फोन लावला की मीच बोलतो. रविवारी येईल. कपाट उघडेल, काय न्यायचं ते नेईल, नाहीतर — मी त्या वेळी घरात नसलेलाच बरा. बाहेर जाऊन येईन. दोन ते चार.

तो बॅटरीचा डबा तेवढा खाली उतरवा, आणि खुर्ची द्या इकडे. थांबा, अशी नाही, फिरवा. टाकीकडे तोंड. हां. आता राहू दे तिथेच, हात लावू नका कुणी. तुम्ही या आता ताई. आणि बोलू नका काही, मीही नाही बोलत.